मनाच्या दवाखान्यात भोंगा लाविला त्याची हकिकत

श्रीधन्वंतरी प्रसन्न. ज्याचे अंग सुखरूप त्याने ऐकावे, ज्याचे मन सुखरूप नाही त्याने तर जवळ सरकून ऐकावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौषमासी वर्तले ते ऐसे. कोण्या एका मुलखी कोणी एक नगरी, तेथील नगरपती मोठे हौशी. त्यांनी दरबार भरवून मसलत केली की गटारे बांधली, लेकरांस पोलिओचे डोस पाजले, रयतेची शरीरे सुधारली, आता मनेही सुधारावी. आणि मग सरकारी दवाखान्याचे आवारात दर गुरुवारी मनाचा दवाखाना मांडिला, आणि लांबच्या सुभ्याहून डॉक्टरीणबाई आणविल्या, आणि खोलीस गुलाबी रंग दिला, आणि फीत कापून पेढे वाटिले, सर्व यथासांग जाहले. परंतु फर्मान एक असे सुटले की डोसाचे वेळी भोंगा लाविला तेव्हा उदंड रयत लोटली, सबब येथेही भोंगा लावावा, आणि नाव, गल्ली व दुखणे तिन्ही मोठ्याने पुकारावे, म्हणजे वशिला चालणार नाही. घ्या, आता बोला.

तर त्या नगरीत शेवंताबाई आगलावे नामे आशाताई होत्या, दारोदार हिंडून गरोदर बायांची आणि लेकरांची खबर राखीत. त्यांचा धाकटा भाऊ रंगनाथ, सायकली दुरुस्त करण्यात मोठा कसबी, पण सव्वा महिना दुकान उघडीना, धड जेवीना, मागल्या विहिरीच्या काठावर बसे आणि नुसते पाण्यात बघे. मग बाई धुतलेलेच धुणे पुन्हा घेऊन विहिरीवर जात आणि त्याजवळ बसून आपटीत राहत. दवाखान्यात चल म्हणून अकरा दिवस विनवले तेव्हा कोठे तो बोलला, "ताई, कुणाला कळणार नाही ना?" आणि बाई बोलून गेल्या, "कुणालाच नाही. माझा शब्द." फर्मानाची त्यांस वार्ताही नव्हती हो.

मग पहिल्याच गुरुवारी उभयता येऊन चिठ्ठी देऊन बाकावर बसली, तो भोंगा कडाडला, "कर्णिक मास्तर, पेठ गल्ली, मनाचे दुखणे, आत यावे." मास्तर ताडकन उठले आणि म्हणाले, "मी नळाची तक्रार घेऊन आलो होतो," आणि चालते जाहले. मग एक बाई पुकारली गेली, ती म्हणाली, "मी नाही, माझी शेजारीण," आणि पदर ओढून तीही गेली. तिसरी चिठ्ठी रंगनाथाची. हा एकदा पळाला तर पुन्हा घराबाहेर निघणे नाही, आणि विहीर तर परसातच. मग त्या लगबगीने चोपदाराकडे गेल्या, म्हणजे शिपाई गुलाबराव यांजकडे, आणि हळूच म्हणाल्या, "गुलाबदादा, याचं नाव नुसतं हाताने खुणावा की."

"ताई, लेखी हुकूम आहे. मी खुणा करायला लागलो तर उद्या मला खुणावतील, घरी जा म्हणून."

"अहो, लाजेनं माणूस मरतो."

"डोसाला कोण लाजलं?"

"डोसाला तुमची पोरं होती, दादा. इथे तुम्ही आला असता का?"

गुलाबराव भोंग्याचा माइक पुसू लागले. मग बाईंनी कोरी चिठ्ठी ओढली, भरभर लिहिली आणि भावाच्या चिठ्ठीवर ठेविली. "ही आधी पुकारा."

त्यांनी वाचली आणि दचकले. "ताई, तुम्ही?"

"लेखी आहे ना? मग पुकारा."

आणि भोंगा बोलिला, "शेवंता आगलावे, कुंभार गल्ली, मनाचे दुखणे, आत यावे." सगळे आवार वळून बघू लागले. जिने घरोघरी शहाणपण सांगितले तीच ही. बाईंचे कान तापले, तरी त्या चालत्या जाहल्या, आणि मागे वळून पाहिले नाही, कारण बाक रिकामा दिसला असता तर त्या तेथेच खाली बसल्या असत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय होतंय, सांगा." बाई भावाचे सांगणार होत्या, पण तोंडून निघाले, "झोप नाही हो. डोळा लागला की पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो."

पाठीमागे दार वाजले. रंगनाथ उभा. बहीण एकटी आत गेली, म्हणून तो उठला होता, पुकाऱ्याची वाट न बघता. त्याने सगळे ऐकिले होते. स्टूल ओढून तो तिच्याजवळ बसला.

"तुम्ही कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारिले.

"भाऊ," तो म्हणाला. आणि मग, "तिला तो आवाज माझ्यामुळे येतो. माझं आधी बघा."

एणेप्रमाणे नगरीच्या मनाच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी दोन रोगी दाखल जाहले, एका घरचे. फर्मान अद्याप फिरले नाही, ते फिरवावे म्हणून केलेला अर्ज दरबारी पडून आहे. गुलाबरावांचा घसा मात्र तेव्हापासून दर गुरुवारी बसतो, म्हणून ते हातानेच खुणावतात. इति.