दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

“यंदा सण नाही,” हे यमुनाबाईंनी घटस्थापनेच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. त्यांचे यजमान नामदेवराव ऑगस्टमध्ये गेले. वर्षाच्या आत दाराला तोरण नाही, गोडधोड नाही, कुणाला सोनं द्यायचं नाही आणि कुणी दिलं तरी घ्यायचं नाही. सून ओजस्विनी सवयीनं मंडीतून झेंडूची फुलं घेऊन आली, तर सासूबाईंनी ती पिशवी तशीच्या तशी खालच्या ग्रेवालांकडे पाठवून दिली. दसऱ्याच्या सकाळी साऱ्या चंदीगडला सुट्टी होती आणि या घरात मात्र कुकरची शिट्टीसुद्धा दबकत वाजत होती.

असल्या घरात पुरुषमाणसानं दिवसभर करायचं काय? शिशिर जिना उतरून खाली गेला आणि त्यानं वडिलांच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

गाडी नामदेवरावांच्या जिवाचा तुकडा. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला यायचं ठरलं, तेव्हा सामान ट्रकनं पाठवून ते स्वतः बायकोला शेजारी बसवून कराडहून चंदीगडपर्यंत चालवत आले होते. मुलानं ‘विमानाची तिकिटं काढतो’ म्हटल्यावर पुढे बरेच दिवस ते मुलाशी तुटक बोलत. आता त्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती आणि पुढच्या आठवड्यात तिचं पासिंग होतं. पास झाली तर आणखी काही वर्षं रस्त्यावर, नाही झाली तर भंगारात.

“गाडी राहील ना रे?” यमुनाबाईंनी तेराव्याच्या दिवशी विचारलं होतं. नवरा गेल्यापासून त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. “राहील,” शिशिर म्हणाला होता. आता शब्द दिला म्हणजे दिला.

ओजस्विनीचं मत वेगळं होतं आणि ते तिनं लपवलंही नव्हतं. “बाबांची आठवण म्हणून फोटो आहे ना भिंतीवर. फोटोला पार्किंग लागत नाही.”

शिशिर सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत उपकरणं तपासायच्या कामावर. केसाच्या जाडीचा फरक पकडणारा माणूस. गाडीसारखी ढोबळ वस्तू आपल्याला काय जड, असं त्याला मनापासून वाटे. वडिलांची पेटी त्यानं उघडली. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि त्यात एक लांब नाजूक चिमटा. शिवाय बामची एक जुनी डबी. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. बारीक स्क्रू असतील म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली. चिमटा कशाला असेल ते कळेना. म्हाताऱ्याचा हात काट्याकुट्यात जात असेल, झालं.

हवेची नळी काढून त्यानं थ्रॉटल उघडं केलं. इंजिनात किती हवा जायची ते ठरवणारी ती एक गोल झडप. काजळीनं काळी झाली होती. फवारा मारून, फडक्यानं पुसून त्यानं ती ताटलीसारखी लख्ख केली, वाळायला तशीच उघडी ठेवली आणि हात धुवायला वर आला. ओट्यावर चहा झाकून ठेवलेला होता.

“आई कुठाय?”

“खाली ऊन खायला गेल्यात,” ओजस्विनी म्हणाली.

चहा पिऊन तो खाली गेला, नळी बसवली, बॉनेट लावलं आणि किल्ली फिरवली.

गाडी अशी गरजली की झाडावरची कबुतरं उडाली. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता. शिशिरनं खाली वाकून दोन्ही पाय कुठे आहेत ते पाहिलंसुद्धा. गरम झाली की बसेल खाली, म्हणून वाट बघितली. ती गरम झाली आणि आणखी चढली.

संध्याकाळी मैदानात रावण पेटला, फटाके संपले, माणसं घरी परतली, तरी पार्किंगमधली गर्जना चालूच. निवृत्त सुभेदार ग्रेवाल शाल लपेटून आले. “ओ शिशिर जी, रावण तो फुँक गया. अब इसको भी ठंडा करो.”

“जस्ट आयडलिंग का इशू है, अंकल.”

“इशू तो है जी,” ग्रेवाल म्हणाले. “सारे सेक्टर नूँ पता है.”

पुढचे दिवस शिशिरचे असे गेले की ऑफिसात तो कामाला बसे आणि मन पार्किंगमध्ये. उभ्या गाडीचा वेग ठरवणारा आयडलचा स्क्रू पिळून झाला. हवेच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात का ते पाहून झालं. बॅटरी रात्रभर सोडून ठेवली. गॅस्केट नवं घातलं, एक वाल्व मागवून तोही बदलला. जुना वाल्व चांगला होता हे नवा बसवल्यावर कळलं. इंटरनेटवर एका गृहस्थानं ‘माझाही हाच प्रॉब्लेम होता’ असं लिहिलं होतं. पुढे काय केलं ते न सांगताच तो गृहस्थ गायब झाला होता.

“मेकॅनिककडे टाक ना,” ओजस्विनी म्हणाली.

“अगं, तो काय करणार? थ्रॉटल साफ करणार. ते मी स्वतः केलंय.”

गंमत बघा. प्रयोगशाळेत नव्या पोरांना हाच माणूस सांगे, की रीडिंग चुकलं तर आपला हात शेवटी कुठे लागला तिथे आधी बघा. पण स्वतःचा हात लागलेली जागा त्याला साऱ्या गाडीत सगळ्यात पवित्र वाटत होती.

यमुनाबाई गॅलरीतून बघत. एकदा म्हणाल्या, “हे होते तेव्हा पण असंच व्हायचं बघ. दसऱ्याला हत्यारं काढायची, गाडी साफ करायची, पूजा करायची. नि दुसऱ्या दिवशी परत उघडून बसायचे. मी म्हणायची, अहो, काल तर केलीत, आज परत काय? तर म्हणायचे, स्वभावच आहे तिचा.”

“आई, गाडीला स्वभाव नसतो.”

“त्यांना विचारलं असतंस तर सांगितलं असतं त्यांनी,” यमुनाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. वडील असताना गाडीबद्दल शिशिरनं त्यांना एकच प्रश्न नेहमी विचारला होता, आणि तो म्हणजे ‘कधी विकताय?’

मधेच यमुनाबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख आली. सेक्टर बत्तीसचं हॉस्पिटल. नामदेवराव तिथेच गेले होते, आणि त्यानंतर यमुनाबाई तिकडे पहिल्यांदाच निघाल्या होत्या. “त्यांच्याच गाडीनं जाऊ,” एवढंच म्हणाल्या. नाही म्हणायची शिशिरची छाती झाली नाही.

लाइट पॉइंटला लाल दिवा लागला. शिशिरनं गाडी न्यूट्रलला टाकली आणि ती जी चढली, की शेजारच्या उघड्या जीपमधल्या तरुणानं मान वळवून पाहिलं. त्याला वाटलं, आव्हान आहे. त्यानंही रेस दिली. शिशिर हातानं नाही नाही करत होता, पण गाडी हो हो म्हणत होती. दिवा हिरवा झाला तशी जीप सुसाट गेली. पुढच्या चौकात पोलिसानं तिला बाजूला घेतलं होतं, आणि तो तरुण शिशिरच्या गाडीकडे बोट दाखवून काहीतरी पोटतिडकीनं सांगत होता. सुदैवानं पोलिसाला ड्रायव्हरशेजारी फिकट लुगड्यातली म्हातारी दिसली आणि त्यानं जीपवाल्याला आणखी फैलावर घेतलं.

हॉस्पिटलच्या फाटकाशी गार्ड धावत आला. “साइलेंस ज़ोन है जी! बंद करो इसको, अंदर मरीज़ हैं।”

गाडी बंद करून ढकलत आत न्यावी लागली. शिशिर मागून ढकलत होता, गार्ड बाजूनं, आणि यमुनाबाई आत बसून वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे बघत होत्या. कोणती खिडकी ते शिशिरला ठाऊक होतं. त्यानं मान वर केली नाही.

“त्यांना राग आलाय,” त्या हळूच म्हणाल्या.

“कशाचा?”

“असंच.” आणि डोळ्यांत औषध घालायच्या आधीच त्यांनी डोळे पुसून घेतले.

पासिंगच्या दिवशी व्हायचं तेच झालं. इन्स्पेक्टर भला माणूस होता. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, हात थरथरला, त्यानं काढून घेतला. “खड़ी-खड़ी कहाँ जा रही है ये?” आणि मग धुराच्या यंत्राकडे बघून मान हलवली. “परसों ले आओ। उसके बाद तारीख़ निकल जाएगी, फिर मैं कुछ नहीं कर सकता।”

घरी जेवताना शेवटी ओजस्विनीच म्हणाली, आणि चांगल्या शब्दांत म्हणाली, “शिशिर, तू केलंस तेवढं पुष्कळ झालं. पिंजौरचा एक भंगारवाला आहे, तो घरी येऊन घेऊन जातो. उद्या संध्याकाळी बोलावू?”

यमुनाबाईंनी ताटातला भात चिवडला. “बोलवा,” त्या म्हणाल्या. “माणूस राहिला नाही, गाडीचं काय घेऊन बसायचं.”

दुसऱ्या दिवशी शिशिरनं रजा टाकली. गाडीतलं सामान काढायला तो खाली उतरला. कप्प्यात वडिलांचा चष्म्याचा रिकामा डबा निघाला, आईच्या खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. वडिलांची पेटी डिकीतून उचलताना त्याला भडभडून आलं. शब्द दिला होता आईला, आणि आपण एवढे शिकलेसवरलेले, आपल्याला एक गाडी गप्प करता येत नाही. बाबा तर दरवर्षी संध्याकाळपर्यंत करत.

दरवर्षी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

पेटी हातात तशीच धरून तो थांबला. काल साफ केलेली गाडी आज परत उघडणारा माणूस आत काय शोधत असेल? ‘पूजा करायची,’ असं आई म्हणाली होती. म्हणजे साफ करणं आणि परत उघडणं याच्या मध्ये काय व्हायचं? पूजा.

जिथे हात लावायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं, तीच नळी त्यानं काढली. थ्रॉटल तसंच लख्ख होतं. बोटानं झडप ढकलून मोबाइलचा उजेड आत मारला. झडपेच्या दांड्याशी, अगदी कोपऱ्यात, तांदळाचा एक दाणा अडकून बसला होता. त्या एका दाण्यानं झडप पुरती मिटत नव्हती. दाणा लाल होता.

ऑगस्टपासून आईची कुंकवाची डबी देवघराच्या वरच्या फळीवर मागे सरकवून ठेवलेली होती. दसऱ्याला ती पुढे आली होती तर.

बोट आत जाईना. स्क्रू-ड्रायव्हरनं दाणा आणखी आत गेला असता. पक्कड जाडी. मग त्यानं पेटीतला तो लांब नाजूक चिमटा उचलला. तो असा बरोबर गेला, जणू त्या कोपऱ्यासाठीच घेतला होता. जणू कशाला, त्यासाठीच घेतला होता. शिशिरनं बामची डबी उघडली. आत स्क्रू नव्हते. अक्षता होत्या. काही अजून तांबूस, काही तपकिरी, तळाच्या तर काळ्या पडलेल्या. पूजेच्या अक्षता टाकवल्या नसतील त्यांना.

एवढ्या वर्षांत त्या माणसाला बायकोला म्हणता आलं नाही, की अगं, तिथे तांदूळ नको घालूस. तिच्या हातचा पाकासारखा गोड चहा जन्मभर गुमान प्यायलेला माणूस तो. तो काय म्हणणार? नळी बंद करून मग पूजेला बोलवावं, तेही केलं नाही. तिला उघड्या गाडीला घास भरवायला आवडायचं, तर भरवू दे. आपण उद्या काढू. शिशिर फुटपाथवर बसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. ग्रेवाल गेटमधून डोकावले, त्याचं तोंड पाहिलं आणि सुभेदारी शहाणपणानं परत फिरले.

नवा दाणा डबीत टाकून, पिळलेला स्क्रू मूळ जागी आणून त्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं की नाही ते कळायला बॉनेटला कान लावावा लागला.

गॅलरीतून यमुनाबाईंनी विचारलं, “गप्प झाली? काय झालं होतं रे?”

शिशिरनं वर पाहिलं. “काही नाही गं. स्वभावच आहे तिचा.”

भंगारवाल्याला येऊ नको म्हणून फोन गेला. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. इन्स्पेक्टरनं पुन्हा बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, “चालू है ना?” घरी आल्यावर ओजस्विनीनं, सण नसला तरी, वाटीभर शिरा केला आणि सासूबाईंनी त्याला हरकत घेतली नाही.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर यमुनाबाईंनी मुलाला जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणला.

“ओजूला बोलू नकोस. सण नाही म्हणून मीच सगळ्यांना बजावलं नि मीच चोरून केलं. दसऱ्याला तू हात धुवायला वर आलास ना, तेव्हा खाली जाऊन चिमूटभर अक्षता घातल्या तिच्या तोंडात. सुतक आपल्याला, गाडीला कुठलं? त्यांनी तिला एकही दसरा उपाशी ठेवलं नव्हतं.” त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा ऑगस्टनंतर पहिल्यांदा उजळला होता. “तुझी एवढी खटपट चालली होती, पण खरं सांगू? त्या अक्षतांनीच पास झाली बघ.”

शिशिरनं बोलायला तोंड उघडलं. खिशातल्या बामच्या डबीवर त्याचा हात गेला. समोर आई बघत होती.

“हो ना,” तो म्हणाला. “मला पण तेच वाटलं.”

“पुढच्या वर्षी लपवाछपवी नाही. सगळं रीतसर करू,” यमुनाबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. “चिमूटभर काय, चांगल्या मूठभर घालीन.”

शिशिरनं फोन काढला आणि पुढच्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रजा अशी नोंद करून ठेवली. मग जरा विचार करून त्यानं तिसरा दिवसही त्यात धरला.