कादरचाचा आणि जाळीची काच

थांबा, हातातलं काम ठेवा! हे मला आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. उद्यावर ढकललं तर अर्धं विसरेन, आणि उरलेलं अर्धं माझं मलाच खरं वाटणार नाही. शिवाय आमचे शेठ फक्त गुजराती वाचतात, म्हणून मराठीत बेधडक लिहितोय.

तर, नंदुरबारच्या आमच्या जीनमध्ये कादरचाचा नावाचे मिस्तरी आहेत. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. मी तिथं टायपिस्ट. पहिल्या दिवशी मी ऑफिसात शिरलो तेव्हा हे गृहस्थ खिडकीच्या काचेला कान लावून उभे. टिचकी मारायची, ऐकायचं, मान हलवायची. मला वाटलं पलीकडून कुणी काही सांगतंय. मीही जाऊन कान लावला.

"काय ऐकू येतंय हो?"

"खोकली ऱ्हायनी," चाचा म्हणाले. "यंदाना पावसाया नही काढनार."

श्रावणात ती काच तडकली. खरंच तडकली! मी साक्षीदार आहे.

चाचांचा माणसांपेक्षा काचेवर विश्वास जास्त. हॉटेलात चहा आला की आधी ग्लासला टिचकी. आवाज पसंत पडला नाही तर चहा बशीतून. काच कापायची हिरकणी कायम टोपीत खोचलेली. नमाजाला जाताना ती माझ्या टेबलावर ठेवतात आणि बजावतात, "टकटकभाऊ, हिले हात लावशी तं तुन्हं मशीन फोडसू." टकटकभाऊ म्हणजे मी.

आणि कागदावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, रेल्वेचं वेळापत्रक दाखवा, उत्तर एकच: "कागद सांगी, पन आग आयकी का?" कागद सांगेल हो, पण आग ऐकेल का? वेळापत्रकाचा आगीशी काय संबंध, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आता खरी गोष्ट.

दसऱ्याच्या आधी विमा कंपनीचे साहेब मुंबईहून तपासणीला आले. कापूस म्हणजे काय, एक ठिणगी पुरे. साहेब सगळीकडे फिरले आणि जीनच्या मोठ्या हॉलच्या भिंतीपाशी थांबले. त्या भिंतीत खाटेएवढं एक भगदाड आहे. पूर्वी तिथून कसलातरी पट्टा जायचा. भगदाडापलीकडे एक खोली. मजूर बायका आपली गाठोडी, भाकरी, पोरंबाळं, सगळं तिथंच टाकून कामाला बसतात.

साहेब म्हणाले, "हे विटांनी बुजवा. नाहीतर आग अडवेल अशी काच बसवा, पण तिचं सर्टिफिकेट मला दिसलं पाहिजे. त्याशिवाय विमा नाही."

विमा नाही तर शेठ हंगाम सुरू करणार नाहीत. शेठनी हात झटकले, "अरे, चार ईंट लगाडी दो ने! वात पूरी!"

आणि कागदाचं नाव काढलं की तोंड फिरवणारे कादरचाचा पुढं होऊन म्हणतात काय, "नही शेठ. काच. सर्टिफिकेटवाली."

"कशाला?"

"उजेडले."

मी वर बघितलं. हॉलच्या छपरातून ऊन नुसतं ओतत होतं. शेठनीही वर बघितलं. साहेबांनीही बघितलं. मग तिघांनी चाचांकडे बघितलं. चाचा भिंतीकडे बघत होते.

शेवटी शेठ कंटाळून म्हणाले, "हंगामाच्या मुहूर्तापर्यंत लाव. नाही जमलं तर ईंट."

तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. मुंबईला पत्रं मीच टाईप केली. तीन व्यापाऱ्यांकडून तीन नमुने आले, गवतात गुंडाळून, पेटीतून, रेल्वेनं. प्रत्येकासोबत इंग्रजी कागद. एकावर लिहिलेलं, ही काच अग्नीला दाद देत नाही. दुसऱ्यावर कुठल्याशा प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचं चित्र. पदक काचेला मिळालं की व्यापाऱ्याला, ते काही कळेना. तिसऱ्यावर बारीक अक्षरांत लांबलचक मजकूर आणि खाली शिक्का. ती तिसरी काच तर अजबच. आत तारेची जाळी, चक्क काचेच्या पोटात!

चाचांनी ती उन्हात धरली. "हाई काच शे का माशा धरानं जाळं?"

"चाचा, सर्टिफिकेट हिलाच आहे. शिक्क्याचं."

"कागद सांगी..."

"...पण आग ऐकेल का! हो, माहीत आहे!"

मग आगीलाच विचारायचं ठरलं. जीनच्या फाटकात विडीसुद्धा चालत नाही, म्हणून आम्ही दूर तळ्याकाठी गेलो. चाचांनी मातीच्या तीन चौकटी लिंपल्या, त्यांत तीन काचा उभ्या केल्या, पुढं गोवऱ्या पेटवल्या आणि प्रत्येकीच्या मागं हातभर अंतरावर मूठमूठ कापूस ठेवला. स्वतः उकिडवे बसून तिन्ही काचांशी बोलायला लागले. येणारेजाणारे थांबून बघत होते. मला लाज वाटत होती आणि जागचं हलवतही नव्हतं.

पहिली, अग्नीला दाद न देणारी, पाच मिनिटांत धाडकन फुटून खाली. मागचा कापूस गेला.

जाळीची काच लगेच तडकली, सगळीकडून, कोळ्याच्या जाळ्यासारखी. चाचा तिच्यावर भडकले, "निर्लज्ज! शिक्का मारीसन उनी आनी सगयासना पहिले रडनी!"

पदकवाली मात्र तशीच उभी. चाचा खूश. "देख! हाई खरी पहिलवान!" मग मला म्हणाले, "आग लागनी तं लोके काय करतस? पानी टाकतस. टाक."

मी बादली ओतली. पहिलवान फटाक्यासारखी फुटली. उरलेलं पाणी मी जाळीच्या काचेवर फेकलं. ती चर्रर्र वाजली, आणखी तडकली, पण जागची हलली नाही. एक कपचीसुद्धा पडली नाही. मागचा कापूस पांढराशुभ्र.

मी कागद उघडून पुन्हा वाचला. "चाचा, यात लिहिलंच आहे! काच तडकली तरी चालेल. फक्त पडायची नाही आणि ज्वाळा पलीकडे जाऊ द्यायची नाही."

"म्हंजे फुटनी तरी पास?"

"हो."

"तुन्ही मॅट्रिक बी अशीच व्हयनी का रे?"

जाऊ द्या. मोठी काच मागवली. एकच तुकडा, बरोब्बर भगदाडाच्या मापाचा. ती येईपर्यंत चाचांनी तिच्यासाठी तळोद्याच्या सागवानाची चौकट केली. पंधरा दिवस राबले. कोपऱ्यांवर पानंसुद्धा कोरली! आग अडवायच्या काचेला पानं कशाला? विचारलं तर म्हणाले, "तुन्हं टकटक कर तू."

मुहूर्ताला दोन दिवस राहिले. विमासाहेब आले. काच बघून खूश. कागद वाचला, खूश. मग त्यांनी कागद उलटला.

मी तो कागद कधी उलटलाच नव्हता. अख्खा महिना तो माझ्या टेबलावर, चार वेळा वाचला, दोनदा टाईप केला, आणि मागं काही असेल हे मनातच आलं नाही!

साहेब म्हणाले, "हे काय लिहिलंय? लोखंडी चौकटीत बसवली असेल तरच हा दाखला लागू. लाकूड पेटलं की काच पडणार, मग ती कितीही चांगली असो. हे चालणार नाही."

शेठनी साहेबांकडे बघितलं, पानांकडे बघितलं आणि गवंड्याला हाक मारली. विटा तयारच होत्या. त्यानं चुना कालवायला घेतला.

भूमी दुभंगेल तर बरं असं मला झालं. चाचा माझ्याकडे वळले. आता मशीन फोडणार, मी मनाशी म्हटलं. पण ते नुसतं म्हणाले, "कागदले पाठ बी ऱ्हास, टकटकभाऊ. माले तरी कोठे म्हाईत व्हतं?" मग साहेबांसमोर जाऊन हात जोडले. मी चाचांना आजवर कुणापुढं हात जोडताना बघितलं नव्हतं. "साहेब, तुमनी गाडी कव्हय शे?"

"उद्या संध्याकाळी."

"तवलग थांबा. मंग ईट लावा."

साहेब थांबले. चाचा लोहाराकडे बसून राहिले. जुन्या यंत्राच्या लोखंडी पट्ट्या तापल्या, वाकल्या, जुळल्या. पण खरी भीती पुढंच होती. काच लाकडातून काढायची कशी? तुकडा एकच, दुसरा मुंबईहून येईपर्यंत भिंत बुजलेली. मी म्हटलं, चौकट खिळे काढून अलगद उघडू, कोरीव काम वाचेल. चाचांनी पटाशी घेतली आणि सागवान कडेकडेनं फोडायला लागले, काचेला धक्का नको म्हणून. पानं आधी गेली. शेवटी चौघांनी काच धरली, गवंडी चुन्याची थापी हातात घेऊन बघत राहिला, आणि ती सुखरूप बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी लोखंड वाजवून पाहिलं, कागद दोन्ही बाजूंनी वाचला (माझ्याकडे बघत!) आणि सही केली.

आज मुहूर्त झाला. नारळ फुटला, आता बायका येणार, तेवढ्यात चाचांनी मला हॉलमध्ये ओढलं. "आठे बठ." यंत्रासमोरच्या बाईच्या जागेवर मला बसवलं. "मान वर कर. दिसस का?"

"काय?"

"बरं, तठे बठ." पुढची जागा. मग त्याच्या पुढची. बारा जागांवर मला बसवलं हो, आणि दरवेळी तेच, दिसस का, दिसस का! शेवटी मी वैतागलो. "अहो चाचा, काय दिसायचंय?"

"झोळी रे, आंधया!"

मी बघितलं. जाळीच्या काचेतून पलीकडची खोली, आणि चाचांनी बरोब्बर काचेसमोर आढ्याला टांगलेल्या पाच-सहा रिकाम्या झोळ्या. बाराही जागांवरून दिसत होत्या.

यंत्रं सुरू झाली की पोर कितीही रडो, ऐकू येत नाही. गेल्या वर्षी झोळ्या आत कोपऱ्यात असायच्या, म्हणून बायका उघड्या भगदाडाशी उठून उठून यायच्या आणि मुकादम ओरडायचा.

"मग शेठना हे सरळ सांगायचं ना! उजेड काय, उजेड!"

"शेठले सांगतू, तं शेठ म्हनता, पोरं घर ठेईसन या." ते काच पुसत होते. ती पुसलेलीच होती. "मन्ही माय बी जीनमा व्हती. मी भितना तथा. दिनभर नुसती भितच देखाले मिये."

एवढंच. आई जीनमध्ये, ते भिंतीपलीकडे, आणि दिवसभर समोर नुसती भिंत.

बायका आल्या. खांडबाऱ्याकडची जमनीबाई पोराला झोळीत घालून आपल्या जागेवर बसली, सवयीनं मान वळवली, आणि तशीच थांबली. मुकादम ओरडणार तोच तिनं कापूस घालायला सुरुवात केली. मान वर, हात चालू.

चाचा कुठं गेले म्हणून मी खोलीत डोकावलो. ते झोळ्यांच्या मधे जमिनीवर बसले होते, पोरांच्या उंचीवर. टोपी मांडीवर. काचेतून हॉलमध्ये बघत होते, एकटक. तिकडं बारा बाया होत्या. त्यांतली एकही त्यांच्याकडे बघत नव्हती. बराच वेळ बसले.

मी हाक न मारता परत आलो आणि हे लिहायला बसलो. महिनाभर मी या माणसाला हसलो हो! अख्ख्या ऑफिसला त्यांची नक्कल करून दाखवली. तुमचं झालंय का कधी असं? रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला तुम्ही वेडा ठरवलंत, आणि तो खोटं का बोलतोय हे एकदाही धड विचारलं नाहीत? झालंय का? की मी एकटाच?