अल्विनने वकील शोधला

"वकीलच ना? गुरुवारपर्यंत हजर करतो," अल्विन पीबल्सने सोमवारी छाती काढून सांगितलं. त्याच्या बायकोचा, ओडेसाचा, बार्बेक्यू सॉस सगळ्या मेकन गावाला पुरेनासा झाला होता. मोठी जागा घ्यायची, त्यासाठी चर्चमधल्या मंडळींना कंपनीचे शेअर द्यायचे, असं ठरलं होतं. पण ओडेसाचा हट्ट एकच. "आधी शेअरचा कायदा जाणणारा वकील. देवाच्या माणसांना मी आंधळेपणाने काही विकायची नाही."

ज्याची पाटी सगळ्यांत मोठी, त्याच्याकडे अल्विन गेला. तो निघाला घटस्फोटाचा वकील! "शेअरबिअर आपल्याला जमत नाही. बायकोचं काही असेल तर बोला," तो म्हणाला. अल्विन कपाळाला हात लावून बाहेर पडला, आणि नेमकी तेव्हाच चर्चच्या भगिनी मंडळाची गाडी समोरून गेली.

संध्याकाळी भगिनी मंडळ दारात हजर, हातांत तीन पीच कॉबलर, म्हणजे पीचची गोड भाजणी, आणि परातभर मॅकरोनी; मयताच्या घरी नेतात तसं.

"आमच्याकडे कोण गेलं?" ओडेसाने विचारलं.

"तुमचं लग्न गं," सिस्टर लुएला डोळे पुसत म्हणाल्या.

रविवारी पास्टर ग्रँबींनी विषयच संसाराचा घेतला. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू होई आणि नकळत गाण्यात शिरे. प्रत्येक ओळीमागे ऑर्गन हुंकार देई, ऐकणाऱ्याचं मन कसं धुऊन निघे. त्या दिवशी "सोडू नको तिला" हे त्यांनी अकरा वेळा आळवलं, अकराही वेळा अल्विनकडे बघून.

शेवटी अल्विन उठलाच. "मंडळी, मी बायको सोडत नाही, शेअरचा वकील शोधतोय. सॉसचे शेअर निघताहेत. ज्याला हवेत त्याने घ्या."

"आमेन," दोनशे लोक म्हणाले, आणि भराभर हात वर झाले.

"ब्रदर, खाली बसा." गायकवृंदातून सिस्टर वर्डेल पुढे आल्या. "मी शेअरच्याच कायद्याची वकील आहे. कागद नसताना असे चारचौघांत शेअर विकायला काढत नाहीत."

"नऊ वर्षं तुमचं गाणं ऐकतोय, बोलला नाहीत ते?"

"विचारलंत कधी?"

"आता गं काय करायचं?" ओडेसाचा जीव टांगणीला लागला होता.

"बोललेलं आत्ताच मागे घ्या आणि उद्या माझ्याकडे या. होईल सगळं. फक्त कागद होईपर्यंत यांनी सॉसबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. तीन महिने तरी."

ओडेसाने डोळे मिटून देवाचे आभार मानले. मग हळूच विचारलं, "सहा नाही का करता येणार?"