फौजदाराच्या सात गाठी

"थांबा, इथं काहीतरी लागतंय," फिटरची बायको म्हणाली. फौजदार, म्हणजे त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा, सतरंजीवर उताणा पडला होता आणि तिची बोटं त्याच्या काखेत थबकली होती. "गाठ आहे."

"शक्यच नाही! मी रोज कुरवाळतो त्याला!" फिटर उसळला.

"डोकं कुरवाळता. काख डोक्यावर नसते."

फिटरने कारखान्यातला मापायचा व्हर्निअर आणला. चौदा मिलिमीटर. मग दुसरी गाठ सापडली, तिसरी सापडली. प्रत्येकीभोवती बॉलपेनने गोल. संध्याकाळपर्यंत गोल झाले सात आणि भांडणं चौदा.

"मला नका दाखवू," फिटरची आई फणकारली. "मी त्या केसाळ धोंड्याला हात लावत नाही."

तरी दवाखान्याला निघताना गाडीत सगळ्यांच्या आधी तीच बसली होती.

प्राण्याचं नाव: फौजदार.

गाठी किती: सात.

डॉक्टरीणबाईंनी दोन लगेच खोडल्या. "ही स्तनाग्रं आहेत."

"नराला?"

"तुम्हालाही आहेत."

केव्हापासून:

इथे फॉर्म भरणाऱ्या फिटरचं पेन अडलं.

"जुन्या असतील त्या बहुधा चरबीच्या. नवी असेल तिच्यात सुई घालून बघू. सगळ्याच नव्या म्हणालात तर सगळ्या काढाव्या लागतील, आणि या वयात भूल धोक्याची. नवी कोणती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिला विचारा. अंघोळ ही घालते."

"मला काय विचारता? अकरा वर्षं माझा कुत्रा, माझा कुत्रा कोण करतंय?"

"काखेतली चार वर्षांची," कोपऱ्यातून आई म्हणाली. "पाठीवरची त्यानंतरची. फासळीवरच्या दोघी जुळ्या, दोन वर्षं तेवढ्याच आहेत. मांडीवरची नवी. गेल्या मंगळवारी नव्हती."

फिटरने पेन खाली ठेवलं. "आई! तू तर हात लावत नाहीस!"

"नाहीच लावत!" आई भडकली. "तुम्ही कामाला गेलात की तोच माझ्या हाताखाली येऊन पडतो. मग मी काय हात कापून ठेवू?"

मांडीत सुई गेली. डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिल्या. तेवढा वेळ कोणीच कोणाला दोष दिला नाही.

"चरबीच आहे. दर महिन्याला तपासत जा."

मालकाची सही:

फिटरने पेन उचललं. टेबलावरून उतरवलेला फौजदार त्याला वळसा घालून गेला आणि आईच्या पायांवर हनुवटी टेकून पसरला. फिटरने पेन आईपुढे धरलं.

"मी काय मालकीण आहे त्याची?" आई कडाडली, आणि चष्मा पुसून तिने सही ठोकली.