रुमालाखालचं कोडं

"साहेबांनी एकदा हात घातला ना, की सोडणारच नाहीत!" प्रतिभाबाईंनी चहाचा कप बशीत आपटत नवऱ्याला बजावलं.

जीवनराव बिचारे पेपर वाचत होते. "कशात घातला हात?"

"माझ्या शब्दकोड्यात हो!"

प्रतिभाबाई पंचवटीतल्या एका शाळेत दुसरीला शिकवायच्या. साल अठ्ठ्याण्णव, एप्रिलचे दिवस. वर्ष संपत आलं की बाकीचे गुरुजी फळ्यावर चौकोन आखायचे, मुलं त्यांत शब्द भरायची आणि जांभया द्यायची. प्रतिभाबाईंना हा प्रकार अगदी अळणी वाटे. त्यांचं कोडं निराळंच! टेबलावर मोठा रुमाल पसरायचा, त्याखाली एक वस्तू लपवायची. दोघांनी समोरासमोरून हात घालून ती चाचपायची आणि फळ्यावरच्या चौकोनांत तिचं नाव लिहायचं. एका चौकोनात एक अक्षर. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही! बोलला तो बाद.

शिक्षण खात्याचे खैरनारसाहेब बुधवारी हे बघायला यायचे होते. त्यांनी मान डोलावली की जूनपासून विभागातल्या सगळ्या शाळांत हीच कोडी सुरू! प्रतिभाबाईंचा सारा जीव त्यात अडकला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या युक्त्या वर्गात राबवल्या, एकदा तरी आपली युक्ती दुसऱ्यांनी राबवावी की नाही?

"आणि काही घोटाळा झाला तर?" जीवनरावांनी विचारलं.

"घोटाळा? माझ्या वर्गात? काहीतरीच तुमचं!"

आता बाईंच्या एक गोष्ट लक्षातच आली नाही. बुधवार म्हणजे बाजाराचा दिवस! आणि वर्गातल्या तेजलचे आजोबा, बारकूआबा, यांनी जनावरांच्या बाजारात केस पांढरे केलेले. तिथं भाव कुणी ओरडून ठरवत नाही. रुमालाखाली हात मिळवायचे आणि बोटं दाबायची. जितकी बोटं, तितके शेकडे. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही! त्या दिवशी आबांच्या शेळीला सकाळपासून एक गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. वैतागून त्यांनी ती शाळेच्या फाटकाला बांधली आणि ते नातीला न्यायला वर्गात डोकावले.

वर्गात कोडी अगदी रंगात आली होती. लिंबू झालं, चमचा झाला, दोडक्याला तर टाळ्याच पडल्या! साहेब खूश. म्हणाले, "बाई, मीही हात घालून बघतो!" आणि घातलासुद्धा.

समोर पाळी तेजलची. ती दाराकडे बघून ओरडली, "आबा, तुमी या ना!"

पालकही सामील झाले तर साहेब आणखी खूश होतील, असा बाईंनी झटकन हिशेब मांडला. "या आबा, या! हात घाला. पण बोलायचं नाही हं!"

"बाई, हे मला सांगता?" आबा हसले.

आबांनी पाहिलं, इस्त्रीचा शर्ट घातलेला भला माणूस रुमालाखाली हात घालून गप उभा आहे. म्हणजे देवच पावला! रुमालाखाली खरं तर मक्याचं कणीस होतं, पण आबांना त्याच्याशी काय करायचंय? त्यांनी साहेबांचा हात धरला आणि दोन बोटं दाबली.

साहेबांना वाटलं, म्हातारा सुचवतोय, दोन अक्षरं. मका! पण फळ्यावर चौकोन तर तीन. कणीसच असणार! साहेबांनी उलट तीन बोटं दाबली.

आबांचे डोळे विस्फारले. आपण दोन म्हणतोय आणि गिऱ्हाईक आपण होऊन तीन म्हणतंय! असला दिलदार माणूस उभ्या जन्मात भेटला नव्हता. त्यांनी खात्री करायला तीन बोटं दाबून पाहिली. साहेबांनी हसून मान डोलावली.

"सौदा पक्का!" आबा गरजले. "तेजे, पळ, शेळी घेऊन ये!"

"कसली शेळी?" साहेब दचकले. "अहो, मी कणीस म्हणत होतो!"

"घ्या की! शेळीसंगं कणीसबी घ्या!"

"बाई, हा काय प्रकार आहे? आणि यांना माझा हात सोडायला सांगा!"

दारात जमलेले पालक निम्मे बाजारातलेच. ते एका सुरात म्हणाले, "रुमालाखालचा शब्द फिरवायचा नसतो सायेब! लय वाईट दिसतं!"

साहेबांचा चेहरा पडला. ते देवळा गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. "ठाऊक आहे हो मला!" ते कळवळून म्हणाले. "वडिलांचे सौदे बघत वाढलोय. पण शाळेत कोण असं करतं? आणि भाव मीच वाढवला की!"

तेवढ्यात शेळी आत आली आणि खुशाल कणीस खायला लागली.

प्रतिभाबाईंना कोडी डोळ्यांदेखत बुडताना दिसली. पण बाई कसल्या मागं हटतात! पर्स उघडून म्हणाल्या, "साहेब, कोडं माझं, तेव्हा शेळीही माझी. तुम्ही फक्त कोड्यांचं बघा!" त्या महिन्यात घ्यायच्या नव्या साडीची तिथंच शेळी झाली.

रिक्षावाल्याने शेळीचे वेगळे पैसे मागितले. जीवनरावांनी दार उघडलं, आधी बायकोकडे बघितलं, मग शेळीकडे. "आवडली का कोडी साहेबांना?"

"सरका बाजूला!"

पण साहेब कोडी सोडणार नाहीत, हा बाईंचा अंदाज चुकला नव्हता. जूनच्या सभेत खैरनारसाहेबांनी भरसभेत जाहीर केलं, की प्रतिभाबाईंची कोडी सगळ्या शाळांनी घ्यावीत, फक्त रुमालाऐवजी पिशवी वापरावी, आणि पिशवीत एका वेळी एकानेच हात घालावा. टाळ्यांचा नुसता कडकडाट! प्रतिभाबाईंना भरून आलं. त्या ताठ मानेने व्यासपीठावर चढल्या आणि आभार मानायला त्यांनी साहेबांपुढे हात केला.

साहेबांनी आपले दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.