चोपन्न किलोची तयारी

आमच्या जिन्यात रोज सकाळी सहा वाजता एक गृहस्थ पिठाच्या पोत्याशी बोलत वर चढतात. "आलं हं, आलं. ही वळणाची पायरी जरा उंच आहे, घट्ट धर." पोतं काही बोलत नाही. मग गृहस्थच म्हणतात, "बिल्कुल नियमात बसतंय!" आणि पुढची पायरी चढतात.

हे आमचे निगुडकर. दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टर्समध्ये मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि ते माझ्या डोक्यावर, तिसऱ्या. लिफ्ट नाही. वय छप्पन्न, उंची बेताची. आस्थापना शाखेत बसून इतरांच्या रजा मंजूर-नामंजूर करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्या दृष्टीने एकतर नियमात बसते, नाहीतर बसत नाही. मी एकदा मटारची उसळ नेऊन दिली, तर चव घेऊन म्हणाले, "मीठ नियमात आहे."

दीड वर्षापूर्वी त्यांच्या अंगात व्यायाम शिरला. व्यायाम काय, माझ्याही अंगात दर जानेवारीत शिरतो. त्यासाठी आणलेल्या चटईवर आमची ही हल्ली साबुदाण्याच्या पापड्या वाळवते. निगुडकरांचंही तेच होणार, या आशेवर मी होतो. पण त्यांनी पहिल्याच दिवशी घरात हजेरीपट उघडला. दाराआड खिळ्याला दोरीने बांधलेलं पेन आणि खाली रजिस्टर. सहा वाजून दहा मिनिटांनंतर सही केली की लेट मार्क. नुसत्या उठाबशा काढल्या तर अर्धा दिवस. वर्षाला आठ सीएल, म्हणजे किरकोळ रजा, त्याही लेखी अर्ज करून.

नोव्हेंबरात समोरची बिल्डिंग दिसेनाशी करणारं ते धुरकं आलं, तेव्हा मी मुद्दाम विचारायला गेलो. निगुडकरांनी खोकत खोकत रजिस्टर दाखवलं. 'हवा खराब असल्याने दोन दिवस रजा मिळावी, ही विनंती.' खाली लाल शाईत शेरा होता, 'नामंजूर. घरात जिन्याऐवजी स्टुलावर चढ-उतार करावी.' दोन्हीकडे सही एकाच माणसाची.

"अहो, स्वतःचाच अर्ज नामंजूर केलात?"

"स्वतःचा म्हणून मंजूर करू? उद्या स्टाफ काय म्हणेल?"

घरात स्टाफ म्हणजे ते एकटेच. शालिनीवहिनी दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना काही जमेना. म्हणून त्या नाशिकला भावाकडे राहतात, तळमजल्यावर. निगुडकरांनी तळमजल्याच्या क्वार्टरसाठी अर्ज केलाय. तो विचाराधीन आहे. विचाराधीन म्हणजे काय, हे तीस वर्षं तोच शब्द लिहिणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तळमजले थोडे आणि गुडघे फार, एवढंच ते म्हणाले.

तर ते पोतं. सुरुवातीला ती आट्याची दहा किलोची साधी पिशवी होती. निगुडकर ती पाठीवर बांधून खाली जात आणि वर येत. तळमजल्यावरच्या अरोरा आंटी रोज दारात दूध घ्यायला उभ्या असत. आठवडाभर त्यांनी धीर धरला, मग मराठी माणूस म्हणून मलाच गाठलं. "भाईसाहब, ये निगुडकरजी आटा पिसवाने ले जाते हैं कि पिसवा के लाते हैं? रोज़ का रोज़, और घर में अकेले!"

पावसाळ्यात त्या पिठात किडे झाले. वजन भरलं की झालं, असं म्हणून निगुडकरांनी ते आणखी महिनाभर वाहिलं. शेवटी पिठाची जागा वाळूने घेतली, पण बोलताना आम्ही सगळे 'आटा'च म्हणत राहिलो. दर पंधरवड्याला किलोभराची भर पडायची. वीस झाले, तीस झाले. चाळीसला मला भीती वाटायला लागली. त्यांच्या धापा माझ्या दारातून आत ऐकू यायच्या आणि मी चहाचा कप हातात धरून कानोसा घेत बसायचो. हा माणूस एके दिवशी पोत्यासकट माझ्या दारात येऊन पडणार, याबद्दल आमच्या घरी एकमत होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी ते खरंच माझ्या दारासमोर थांबले. पडले नाहीत, पायरीवर बसले. मी पाणी घेऊन बाहेर गेलो. तेव्हा पहिल्यांदा पोतं जवळून पाहिलं. ते एका सुती साडीत गुंडाळलं होतं, फिकट जांभळी, बारीक काठाची. ती साडी नेसलेल्या वहिनींना मी कितीदा तरी पाहिलं होतं. गॅलरीत उभं राहून त्या समोरच्या काटेसावरीकडे बघायच्या. फेब्रुवारी संपत आला की ते झाड लाललाल होतं. नाशिकहून फोन आला की अजून त्यांचा पहिला प्रश्न असतो, "सावर फुलली का हो?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

"वहिनींसाठी?"

"चोपन्न किलो," निगुडकर म्हणाले. "सध्या पंचेचाळीसवर आहे. पाठुंगळी आणायचं. पोतं गप्प बसतं, ती बोलणार, म्हणून बोलायचीही सवय करतोय."

मला एकदम भरून आलं. आणि भरून आलं की मी जे करतो तेच केलं, घाईने उपाय सुचवला. "अहो, एवढं कशाला? खुर्चीत बसवू. तुम्ही, मी, अरोरांचा जावई, वरचे मिश्राजी. चौघं मिळून उचलू आणि दोन मिनिटांत वर!"

बोललो आणि जीभ चावली. निगुडकर रागावले नाहीत. साडीचा पदर पोत्यावर नीट करत म्हणाले, "चौघं काय, पुढे कधीतरी आहेतच. तोवर मी एकटा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि एकदा वर आणून भागत नाही हो. थंडीत खाली गवतावर ऊन खायला बसायची सवय आहे तिला. रोज न्यायला हवं, रोज आणायला हवं. म्हणून हजेरी."

त्या दिवसापासून मी त्यांची टिंगल बंद केली. व्यायाम सुरू केला असं मात्र नाही.

फेब्रुवारीत वहिनींचा मला फोन आला. "भाऊजी, यांचं किती झालं?"

मी साळसूदपणे विचारलं, "कशाचं किती?"

"अहो, मला सगळं कळतं. वर्षभर कधी तब्येत विचारली नाही यांनी, वजन विचारतात. तेही दर पंधरा दिवसांनी." त्या हसल्या, मग आवाज खाली आणला. "ऐका ना. मी रात्रीची पोळी सोडलीये. बावन्न झाले. अजून दोन-तीन किलो उतरवते, तेवढीच त्यांची पाठ वाचेल. त्यांना सांगू नका हं."

मी शब्द दिला आणि तो मोजून तीन दिवस पाळला.

चौथ्या दिवशी निगुडकर माझ्या मजल्यावर टेकले. चेहरा घामाने निथळत होता, पण खूश होते. "सत्तेचाळीस! आता राहिले सात."

"पाच," मी म्हणालो.

"चोपन्नातून सत्तेचाळीस गेले की सात राहतात. तुम्ही बजेट सेक्शनला आहात ना?"

मी छताकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्या साडीसमोर जमेना. निगुडकरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. मला वाटलं होतं, दोन किलो वाचले म्हणून त्यांना बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "जेवत नाहीये का ती?"

मी सांगून टाकलं. त्यांनी तिथेच, पोतं पाठीवर असतानाच, खिशातून फोन काढला.

"शालू, रात्रीची पोळी सोडलीस म्हणे? कुणाला विचारून?... नाही, ते काही नाही. अर्ज नामंजूर. ऐक, उचलायचं काम माझं आहे, तुझं नाही. मी चोपन्नची तयारी करतोय. मला तू चोपन्नच हवी आहेस, पूर्ण." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. मग त्यांनी जिन्याच्या जाळीतून बाहेर पाहिलं आणि आवाज हळू झाला. "नाही गं. कळ्या आल्यात नुसत्या. अजून फुलली नाहीये."

फोन खिशात ठेवून ते उठले. भिंतीला हात लावून त्यांनी पहिली पायरी घेतली.

"आलं हं," ते पाठीवरच्या साडीला म्हणाले, "सोळाच राहिल्या."