पडद्याच्या पुढचे गृहस्थ

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक उपअभियंता आणि त्यांच्या पत्नी लेकीच्या बाळाला पाहायला परदेशी निघाले होते. विमानतळाच्या काउंटरवर त्यांना अधिकृतपणे कळवण्यात आले, की मागचा वर्ग भरून वाहत असल्यामुळे कंपनीने दोघांपैकी एकाला फर्स्ट क्लासमध्ये बसवायचे ठरवले आहे. एकालाच.

"अहो, तुम्हीच जा," पत्नी म्हणाल्या. "तुम्हाला पाय पसरल्याशिवाय झोप लागत नाही."

उपअभियंत्यांनी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा कोणी आग्रह केला नाही, म्हणून ते गेले.

पुढच्या वर्गात खुर्चीचा पलंग होत होता आणि हवाईसेविका गुडघ्यावर बसून बोलत होती. जन्मभर साहेबांसमोर उभे राहिलेल्या माणसाला ते बघवेना. तेही खाली बसायला निघाले. तिने त्यांना हलकेच पुन्हा खुर्चीत बसवले.

जेवण आले तेव्हा त्यांना पत्नीची आठवण झाली. मागे बायको अंग चोरून बसली असेल. केकचा तुकडा कागदी रुमालात गुंडाळून ते पडद्याकडे निघाले.

"साहेब, इथलं खाणं पडद्यामागे नेता येत नाही," सेविका म्हणाली.

"माझी बायको आहे हो मागे."

"बायको चालते, साहेब. केक चालत नाही. मागच्या लोकांना कळलं, की आपल्याला काय मिळालं नाही, तर त्यांना त्यांचं जेवण बेचव लागतं. त्यांच्या जेवणाची काळजी आम्हालाच करावी लागते."

युक्तिवाद बिनतोड होता. तो केक त्यांनी जड अंतःकरणाने स्वतःच खाल्ला. नंतरचा तुकडाही तसाच खाल्ला.

थोड्या वेळाने मुख्य सेवक चिंताक्रांत चेहऱ्याने आला. "आपण अजून एकही तक्रार केली नाहीत. आमचं काही चुकलं का?"

"छे, सगळं उत्तम आहे."

त्याचा चेहरा आणखी उतरला. शेजारी एक कारखानदार पांघरूण बदलून घेत होते. ते वळून म्हणाले, "काहीतरी सांगा हो. समाधानी माणूस दिसला, की यांना वाटतं हा चुकून इथे आलाय."

उपअभियंता दचकले. केवळ माणुसकीपोटी ते म्हणाले, "सूप जरा कोमट होतं."

मुख्य सेवकाचा जीव भांड्यात पडला. नवे सूप आले. मग उशी फार मऊ निघाली, बदलून आली ती टणक निघाली. दर तक्रारीला समोरचा माणूस अधिक लवत होता. नोकरीभर त्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. तक्रार करण्यात एवढे सुख असते, हे त्यांना त्यांतल्या एकानेही सांगितले नव्हते.

दिवे मंद झाले. कंपनीचा पायजमा घालून, डोळ्यांवर पट्टी बांधून ते आडवे झाले. मागे कोणाचे तरी मूल रडू लागले.

"पडदा जरा जाड बसवता येत नाही का?" त्यांनी विचारले. तक्रार नोंदवली गेली.

इतक्यात पडद्यापाशीच कुजबुज सुरू झाली. कोणी बाई आत येऊ पाहत होती.

उपअभियंत्यांनी पट्टी न काढता आठ्या घातल्या. "मागच्या लोकांना आवरा हो. इथे माणसं झोपलीत."

कुजबुज थांबली. "झोपू दे त्यांना," बाई म्हणाली. "जेवलात का, एवढंच विचारायचं होतं."

पट्टी ओढून ते धडपडत उठले, तोवर पडदा लागला होता. सेविका आडवी आली.

"आता मागे जाता येणार नाही, साहेब. आपल्याच तक्रारीचं निवारण झालंय. ते रद्द करायची सोय नाही."

उतरताना पुढचा वर्ग आधी सोडण्यात आला. ते दाराबाहेर ताटकळत उभे राहिले. बऱ्याच वेळाने पत्नी आल्या. केस विस्कटलेले, पण चेहरा खुशीत होता. शेजारणीच्या तान्ह्याला त्यांनी मांडीवर घेऊन झोपवले होते आणि शेजारणीने त्यांना आपल्या डब्यातले खाऊ घातले होते.

"अगं, मला तुझा आवाज ओळखूच आला नाही," ते खाली मान घालून म्हणाले.

"मला तुमचा आला," पत्नी म्हणाल्या.

लेकीच्या घरी पोहोचल्यावर त्यांनी सगळा प्रकार लेक-जावयाला ऐकवला. सगळे पोट धरून हसले. शेवटी उपअभियंताही हसले. तुम्हीही हसला असाल. पण खरे सांगा, हे वाचताना तुम्ही कुठल्या वर्गात बसला होतात? कारण मी मागच्या वर्गात शोधून पाहिले, तिथे एकही वाचक सापडला नाही.